सुरतेहून आणलेला बस्ता

जबाब

नाव सौ. विजयमाला हिंमतराव कुंजीर, वय ५२ वर्षे, धंदा घरकाम व शेती, राहणार मांजरी बुद्रुक, पुणे.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती हिंमतराव, मुलगी संस्कृती आणि पतीची थोरली बहीण मुक्ताई गेनबा हरपळे, वय ६७, असे एकत्र राहत होतो. मुक्ताई यांचे यजमान फार वर्षांपूर्वी वारले. मूलबाळ नाही. तेव्हापासून त्या आमच्याकडेच होत्या. मी शेतावर जायचे तेव्हा संस्कृतीला त्यांनीच वाढवलं. मी त्यांना वन्सं म्हणते. जबाबात 'मयत' लिहावं लागतं असं लिहून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्यांच्या पद्धतीने लिहावं, मी सांगताना वन्संच म्हणणार.

माझ्या पतीने गाडीचा ड्रायव्हर बजरंग याच्याविरुद्ध अर्ज दिला आहे. माणसं चढली की नाही ते न बघता त्याने गाडी हाणली, म्हणून माझी बहीण गेली, असं त्यात लिहिलं आहे. बजरंग वाशीमकडचा, मांजरीत भाड्याने राहतो, गाडी मालकाची. मालकाने त्याला कामावरून काढून घरी बसवलं आहे. गुन्हा दाखल झाला तर त्याला पुण्यात कुणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही. मी आले ती एवढ्यासाठी. घरात विचारून आलेली नाही.

संस्कृती खराडीला आयटी कंपनीत आहे. तिचं लग्न कर्वेनगरच्या विमलाबाई बराटे यांचा मुलगा पृथ्वीराज याच्याशी ठरलं. आमच्यात मानपानाच्या साड्या भरपूर लागतात. आत्या, मावश्या, जावा, भावकी, दोन्हीकडच्या करवल्या. पुण्यात लक्ष्मी रोडला चौकशी केली, भाव ऐकून ह्यांनी दुकानातच पाण्याचा ग्लास मागितला. माझ्या जावेने मागच्या साली सुरतेहून बस्ता आणला होता. निम्म्यात पडला म्हणून ती वर्षभर सगळ्या गावाला सांगत होती. ह्यांच्या डोक्यात तेच बसलं. म्हणाले, "पुण्याच्या दुकानदाराच्या एसीचं बिल मी का भरू?"

संस्कृती म्हणाली, "आई, गाडीभाडं, टोल, हॉटेल, सगळं धरलं तर वाचतं काय? शिवाय सगळ्यांच्या सुट्ट्या." मी तिला म्हटलं, लग्न काय कंपनीत बसून होतं का. वन्सं चुलीपाशी हसल्या. म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला हाय गं हा. पण जाऊ. मी तरी कुठं सुरत बघितलीय?" त्यांचं महाराष्ट्राबाहेर पहिल्यांदाच जाणं होतं. दोन दिवस आधीपासून पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

आम्ही दोन गाड्यांनी गेलो. आमची भाड्याची मोठी गाडी, ड्रायव्हर बजरंग. तिच्यात आम्ही चौघं आणि भावकीतल्या बायका. दुसरी पृथ्वीराजची स्वतःची, तो चालवत होता, सोबत विमलाबाई आणि त्यांची बहीण. जाताना सगळं हसतखेळत झालं. वन्संनी वाटेत सगळ्यांना शेंगदाण्याची पोळी खाऊ घातली.

सुरतेच्या दुकानात आम्ही सकाळी बसलो ते दुपार टळेपर्यंत उठलो नाही. तिथे दोन गोष्टी घडल्या, त्या मी सांगते. पहिली अशी की, विमलाबाईंनी स्वतःसाठी एक रेशमी साडी काढली. भारी होती. मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "ईनबाई, लग्न तुमच्या मुलाचं आहे, तुमचं नाही." माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या मांजरीला माहीत आहे. त्यांनी साडी घडी घालून ठेवली आणि तिथून पुढे माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. मुलीची आई झाले म्हणून काय रोज नमतं घ्यायचं?

दुसरी अशी की, वन्संनी एक चिंतामणी रंगाची साडी उचलून अंगावर धरली. काही महाग नव्हती. मी म्हटलं, "वन्सं, हा रंग आता कुणासाठी?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बघत होते गं नुसतं." आणि ठेवली. त्यांना मी राखाडी घेतली. संस्कृती माझ्याकडे बघत होती. तिची ती नजर मला अजून सोडत नाही.

दुकानदाराने बस्ता बांधला. कापडात मोठे गठ्ठे, वर सुतळीची गाठ, हळदकुंकू, नारळ. आमच्या घरची रीत अशी की, बांधलेल्या बस्त्यावर पाय पडू द्यायचा नाही, त्याच्यावर बसायचं नाही आणि गाठ घरी देवापुढेच सोडायची. ही रीत मला लग्न होऊन आल्यावर वन्संनीच शिकवली.

रात्री धर्मशाळेत राहून दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. गठ्ठे सगळ्यात मागच्या सीटवर ठेवले. ती वन्संची जागा. टपावर बांधू असं बजरंग म्हणाला होता, ताडपत्री आहे म्हणाला. ह्यांनी नको म्हटलं. ऊन लागेल, कुणी ओढून नेईल, एवढ्या लांबून स्वस्तात आणलेला माल. बायका वन्संना म्हणाल्या, गठ्ठ्यावरच टेका की, मऊ आहे. वन्सं म्हणाल्या, "पोरीच्या बस्त्यावर बसू व्हय?" आणि खाली, सीटांच्या मधल्या वाटेत, फतकल मारून बसल्या. संस्कृती उठायला लागली तर तिला दाबून बसवलं. नवरीने खाली बसायचं नसतं म्हणे. मी उठले नाही. माझी कंबर दुखते. कंबर खरंच दुखते, पण म्हणून मी उठू शकत नव्हते असं नाही.

वाटेत एका ठिकाणी चहाला थांबलो तेव्हा वन्सं मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माले, मी ईनबाईंच्या गाडीत बसते. तिकडं जागा हाय. अन् जरा गोड बोलते त्यांच्याशी. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणायचं. पोरीला त्या घरात जायचंय." त्या गेल्या. पिशवी आमच्याच गाडीत राहिली.

वापीच्या पुढे, गुजरातची हद्द संपायच्या आधी, पेट्रोलपंप आहेत. हे म्हणाले, इथेच टाकी भर, पलीकडे महाराष्ट्र लागला की भाव चढतो. बजरंग म्हणाला, "काका, पेट्रोलले फरक पडते. डिझेलले काही म्हणण्यासारखा नाही. आपली डिझेलची हाये. अन् टाकी अर्धी हाये." हे म्हणाले, तू मला शिकवू नको. गाडी आत घेतली. पृथ्वीराजनेही मागोमाग घेतली.

तिथे काय झालं ते विमलाबाईंनी मला नंतर सांगितलं, म्हणून सांगते. वन्संनी त्यांची समजूत काढली होती. विमलाबाई रडल्या, मग दोघी हसल्या. पंपावर उतरताना वन्सं त्यांना म्हणाल्या, "आता मी आमच्या गाडीत जाऊन मालीला सांगते, की तुमचा राग गेला. तुम्ही व्हा पुढं." आणि पंपामागच्या बाथरूमकडे गेल्या. विमलाबाईंना वाटलं, त्या आमच्याकडे गेल्या. त्यांची गाडी निघून गेली.

आमच्या गाडीत बजरंगने चावी फिरवण्याआधी मागे वळून बघितलं. मला विचारलं, "काकू, आत्याबाई कुठी गेल्या?" हे शब्द त्याने विचारले, मी शपथेवर सांगते. मी म्हटलं, "त्या ईनबाईंच्या गाडीत आहेत. चल तू." तो म्हणाला, फोन करून विचारू का त्याहीले. मी म्हटलं, काही गरज नाही. आम्ही दोघी बोलत नव्हतो ना. आपण आधी फोन करायचा म्हणजे आपण वाकलो, असं मला वाटलं. त्याने गाडी काढली. एका फोनचं काम होतं.

मनोरच्या पुढे जेवायला थांबायचं ठरलेलं होतं. पृथ्वीराजची गाडी आधी पोचलेली होती. विमलाबाई स्वतःहून माझ्याकडे आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मुक्ताक्का कुठायत? त्यांना आधी भूक लागली असेल." मी म्हटलं, तुमच्याच गाडीत आहेत ना त्या? संस्कृतीने लगेच आत्याला फोन लावला. फोन आमच्याच गाडीत वाजला. गठ्ठ्यांच्या खाली. पिशवी ओढून काढेपर्यंत वाजतच राहिला.

पृथ्वीराजने मोबाइलवर पंपाचा नंबर शोधला. तिथला माणूस म्हणाला, माँजी इथेच बसल्या आहेत, चहा देतोय तर घेत नाहीत, माझी माणसं येतील, त्यांच्याबरोबर घेईन म्हणतात. संस्कृती ओरडून म्हणाली, त्यांना सांगा आम्ही येतोय, फोन द्या त्यांना. पंपावर गिऱ्हाईक आलं, फोन बंद झाला. पण निरोप त्याने दिला. आम्ही कुणी जेवलो नाही. दोन्ही गाड्या उलट्या फिरवल्या. वाटेत सगळ्या बायका हसत होत्या, आता वन्संच्या शिव्या खायच्या म्हणून. मीही हसले. जीव भांड्यात पडला होता.

पंपावरच्या माणसाने गुजरात पोलिसांना सांगितलेलं मला कळलं ते असं. निरोप मिळाल्यावर वन्संनी त्याला विचारलं, महाराष्ट्राकडून गाडी आली तर कुठल्या बाजूने येते? त्याने समोरची बाजू दाखवली आणि सांगितलं, त्यांना पुढे बरंच लांब जाऊन वळून यावं लागतं, तुम्ही बसा निवांत. वन्सं म्हणाल्या, पोरं दमलीत, उपाशी असतील, त्यांना आणि कशाला वळसा. मीच पलीकडे जाऊन उभी राहते. त्याने नको म्हटलं. तो पाइप लावायला वळला, तेवढ्यात त्या रस्त्यावर उतरल्या होत्या. मधला दुभाजक ओलांडेपर्यंत काही झालं नाही. पलीकडच्या बाजूला ट्रकने उडवलं.

आम्ही त्याच बाजूने आलो. पंप समोर दिसायला लागला तशी पुढे गर्दी दिसली. हे म्हणाले, "अपघात झालाय वाटतं कुणाचा. कडेने काढ, तिकडं वन्सं वाट बघत असेल." हे घरात त्यांना माझ्यासारखं वन्संच म्हणायचे, चेष्टेने. बजरंगने कडेने काढली नाही. त्याला आधी दिसलं. त्याने ब्रेक लावला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वन्संना उचलून गाडीत त्यानेच ठेवलं, पुढच्या सीटवर, स्वतःचा सदरा त्यांच्या डोक्याखाली देऊन. दवाखाना येईपर्यंत त्या राहिल्या नव्हत्या.

सरकारी दवाखान्यात पोस्टमॉर्टेम झाल्यावर तिथल्या बाईने अंगावर घालायला कपडा मागितला. आमच्यात बाईला शेवटची साडी माहेरची लागते. वन्संचं माहेर म्हणजे आम्हीच. गाडीत माहेरच्या साड्यांचे गठ्ठे होते. गाठ देवापुढेच सोडायची, हे कुणी बोललं नाही, पण कुणाचा हात पुढे होईना. संस्कृतीने सोडली. नखं मोडली तरी सोडली. राखाडी साडी वरच होती, ती तिने बाजूला टाकली आणि तळातून चिंतामणी काढली. दुकानात माझी पाठ वळल्यावर तिने ती स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवली होती. हळदीच्या दिवशी आत्याला नेसवणार होती. ती साडी गठ्ठ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. रंग वन्संना फार खुलत होता. मी उगाच म्हटलं तसं.

मॅडमनी विचारलं, शेवटी सुरतेला जाऊन वाचले किती? हे विचारणं चौकशीत येतं की नाही मला माहीत नाही. ह्यांनी हिशोब केला असेल तर त्यांना विचारा. बाकीचे गठ्ठे तसेच पडून आहेत. संस्कृती त्या खोलीत जात नाही आणि माझ्याशी बोलत नाही. लग्न पुढे ढकललं आहे. विमलाबाई दर दोन दिवसांनी कर्वेनगरहून येऊन माझ्याजवळ बसतात. आमचं भांडण मिटलं. वन्सं त्यासाठीच त्या गाडीत गेल्या होत्या.

बजरंगची काही चूक नाही. त्याने विचारलं होतं, मी चल म्हणाले. माझ्या नवऱ्यालाही हे माहीत आहे, तो माझ्याच मागच्या सीटवर होता. बहीण गेली म्हणून त्याला कुणावर तरी ओरडायचं आहे. त्याने माझ्यावर ओरडावं.

वरील मजकूर मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'परतीच्या प्रवासात मयत यांना बसण्यास गाडीत जागा नव्हती' असं टाइप झालं होतं. ते मी खोडायला लावलं. जागा होती. त्यांच्या जागेवर आम्ही साड्या ठेवल्या होत्या. तसं लिहून घेतलं. आता बरोबर आहे.

सही/-
विजयमाला हिंमतराव कुंजीर