‘नका’मधला न

व्यासपीठावरच्या सन्माननीय अध्यक्ष, आपल्या संगीत विद्यालयाच्या माजी प्राचार्या बाई. प्रमुख पाहुणे, ज्यांनी आमच्या अल्बमवर लिहिलेला लेख आमच्या ड्रमरने फ्रेम करून घेतला ते स्तंभलेखक. ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो आहोत ते मास्तर. वाद्यवृंदातले आणि कोरसमधले विद्यार्थी. आणि कानात कापूस घालून का होईना, पण शेवटच्या गाण्यापर्यंत खुर्ची न सोडलेले पालकहो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘गोड गळ्याची गायिका’ अशी करून दिली. त्यांचा दोष नाही. बँडमध्ये एक बाई आहे म्हटल्यावर वरचे स्वच्छ स्वर तिचे आणि खालचं गुरगुरणं एखाद्या दाढीवाल्याचं, असंच कोणालाही वाटेल. आमच्याकडे उलट आहे. वरचे स्वर कोरसचे. दाढीवाला ड्रम वाजवतो, आणि एरवी इतकं मऊ बोलतो की फोनवर लोक त्यालाच विचारतात, “ताई, साहेब आहेत का घरी?” गुरगुरते ती मी. दिवसा मी कारखान्यांतल्या यंत्रांचा आवाज मोजते आणि संध्याकाळी स्वतः तसा काढते. तेव्हा मघाशी कोरसमधल्या मुलीला चुकून दिलेला पुष्पगुच्छ तिच्याकडेच राहू द्यावा. तो तिला शोभतोही.

आयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘विसर्ग’ या नव्या अल्बमबद्दल दोन शब्द आणि मास्तरांबद्दल चार शब्द. मी भाषण लिहून आणलं होतं. मध्यंतरात चहा झाला, त्यानंतर ते कागद मी पर्समध्ये ठेवले आहेत. त्यामुळे आता जे बोलेन ते थोडं विस्कळीत असेल. विस्कळीत बोलण्याची मला सवय नाही, सांभाळून घ्या.

आधी मास्तर. आमच्यासारख्या बँडला चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं, फुंकायची शिंगं आणि कोरस लिहून देणारा माणूस मिळणं सोपं नसतं. मी आधी दोघांना विचारलं होतं. एकाने नमुना ऐकला आणि विचारलं, “हे बिघडलंय का?” मास्तरांनी तोच नमुना डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, “हिच्या आवाजाखाली जागा आहे. कोणीतरी उभं राहायला पाहिजे.” मग त्यांनी ह्याच हॉलमध्ये तुमच्या मुलांना उभं केलं. पहिल्या तालमीला मी पहिली ओळ म्हटली तशी चेलोवाल्या मुलीने गज खाली ठेवला आणि हळूच विचारलं, “सर, ताई बऱ्या आहेत ना?” मास्तर म्हणाले, “रागावलेली नाही बाळ, गातेय. रागावली की बोलतच नाही ती.”

हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तरीही पुढे जे झालं ते झालं.

आता अल्बम. ‘विसर्ग’ म्हटल्यावर एका पालकांनी मला विचारलं की हे व्याकरणावर आहे का. नाही. धरणातून पाणी सोडतात, त्या सोडण्याला विसर्ग म्हणतात. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट आहे, एका धरणावरच्या एका दुपारची. सांडव्याखाली, म्हणजे धरणाचं पाणी जिथे कोसळतं तिथे, काही कामगार साफसफाई करताहेत. त्यांच्यावर नजर ठेवायला काठावर एक बाई उभी आहे. तिच्या हातात वायरलेस आहे. वर यंत्रघरात दरवाजाचा ऑपरेटर आहे, ऑफिसात साहेब आहेत. दरवाजा उघडायची वेळ झाली आहे आणि खाली अजून एक माणूस आहे. शेवटच्या गाण्यातली शेवटची ओळ ती बाई वायरलेसवर म्हणते. तिथे अल्बम संपतो.

प्राचार्या बाई मघाशी त्या ओळीबद्दल फार सुंदर बोलल्या. “दार उघडू का? हा प्रश्न ती बाई आपल्यापैकी प्रत्येकाला विचारते आहे,” असं त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुण्यांच्या लेखाचं तर शीर्षकच ‘उघडू का?’ असं आहे.

बाई, मोठ्या आहात, क्षमा करा. सर, तुम्हीही. ती विचारत नाही. ती ‘दार उघडू नका’ असं म्हणते.

तुमचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. तुम्ही जे ऐकलंत तेच वाजतंय. ‘न’ म्हणताना जीभ टाळ्याला लागते, तोंड बंद होतं आणि आवाज नाकातून जातो. मी ज्या पद्धतीने आवाज काढते त्यात नाकातून फारसं काही जात नाही. त्यामुळे माझा ‘न’ मुळातच अशक्त. पण आहे. नुसतं माझं रेकॉर्डिंग मी माझ्या ऑफिसातल्या लोकांना ऐकवलं, कसलं आहे ते न सांगता. सगळ्यांनी ‘नका’ लिहून दिलं. एकाने खाली ‘डॉक्टरांना दाखवा’ असंही लिहिलं, पण ‘नका’ लिहिलं. मग नेमक्या त्या ‘न’वर चेलो आणि डबल बास चढतात, शिंगं त्यात येतात, आणि ‘न’ जातो. मागे राहतो ‘का’. एका अक्षराने बाईने मनाई केली की परवानगी मागितली, हे उलटं होतं. दुसऱ्या कुठल्या भाषेत हा अपघात झाला असता की नाही मला माहीत नाही. आपल्या भाषेत झाला.

हे मी स्टुडिओत सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं.

“मास्तर, त्या ‘न’वर चेलो खाली घ्या.”

“किती?”

“‘न’ ऐकू येईपर्यंत.”

“मग चढण मोडते गं. अख्खा अल्बम जिथे वर चढतोय तिथेच मी शिडी काढून घेऊ? लोक म्हणतील, ह्यांचा वाद्यवृंद जेवायला गेला.”

ड्रमर म्हणाला, “त्यापेक्षा ‘नकोस’ कर ना. ‘स’ कशातूनही फाडून बाहेर येतो.”

मी म्हटलं, “ती ‘नकोस’ म्हणाली नव्हती.”

मास्तरांनी विचारलं, “ती कोण?”

“गाण्यातली बाई.”

“मग गाण्यातली बाई तुझीच आहे की. सांग तिला, ‘नकोस’ म्हण.”

मी काही बोलले नाही. मास्तर जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “इंजिनीअर, खरं सांगू? मलाही ‘का’च ऐकू येतं. पहिल्या दिवसापासून. आणि ते जास्त चांगलं आहे. ‘नका’ म्हटलं की गोष्ट संपली. ‘का’ म्हटलं की लोक घरी जाऊन विचार करत बसतील.”

मला वैताग येतो तो ह्याचा की ते चुकीचं बोलत नव्हते. संगीत म्हणून बघितलं तर चढण तिथेच हवी. गोष्ट म्हणून बघितलं तर प्रश्न मोठा वाटतो. लेख आले, पत्रं आली, सगळ्यांना प्रश्नच आवडला. आम्ही कार्यक्रमांत ते गाणं वाजवतो तेव्हा समोरचे लोक माझ्याबरोबर हात वर करून ओरडतात, “उघडू का”. मी वर उभी राहून ‘नका’ म्हणते आणि सगळा हॉल मला ‘का’ म्हणून परत देतो. माझ्या नोकरीत एखादं यंत्र चुकीचा आवाज करायला लागलं तर ते बंद करता येतं. इथे काय बंद करणार?

बँडमध्ये आमचा एक नियम आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या भागाला त्याच्या होकाराशिवाय कोणी हात लावायचा नाही. चांगला नियम आहे. त्यानेच आम्ही इतकी वर्षं एकत्र टिकलो. सगळ्या वाद्यांची सुटी रेकॉर्डिंगं माझ्याकडे आहेत, पण मास्तरांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय त्या चेलोला मी बोट लावणार नाही. आणि मास्तर उद्या जाताहेत, दुसऱ्या शहरात, मोठ्या वाद्यवृंदात. आम्हाला आनंद आहे. अल्बम इंटरनेटवर आधीच आहे, पण त्याची मोठी तबकडी, जुन्या रेकॉर्डसारखी, ह्या आठवड्यात छापायला जाते. एकदा छापली की ती तशीच राहणार.

मास्तरांना मी कधीच सांगितलं नाही की ती बाई कोण. तुम्हालाही सांगणार नव्हते. मध्यंतरात परवानगी घेतली आहे, म्हणून सांगते. दुसऱ्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर माझी मावशी बसली आहे. सांडव्याच्या काठावर ती उभी होती.

मावशी धरणावर नोकरीला होती. ऑपरेटर तिच्यापेक्षा वयाने लहान, पण मावशी सगळ्यांनाच अहोजाहो करते. भाजीवाल्याच्या लहान मुलालासुद्धा ‘तुम्ही घ्या’ म्हणते. म्हणून ती वायरलेसवर ‘दार उघडू नका’ म्हणाली. ‘नकोस’ म्हणाली असती तर आमच्या ड्रमरचं म्हणणं खरं ठरलं असतं, तो ‘स’ फाडून बाहेर आला असता. वायरलेसवर सगळ्यांचे आवाज सारखेच किरकिरतात. ऑफिसात साहेबांना ‘उघडू का’ ऐकू आलं. त्यांना वाटलं, ऑपरेटर विचारतोय. ते म्हणाले, “उघडा.” ऑपरेटरने उघडलं. खालचा माणूस पंपाचा मेकॅनिक होता. तो वर आला नाही.

चौकशी झाली. साहेबांनी सांगितलं, प्रश्न आला म्हणून उत्तर दिलं. ते खोटं बोलत नव्हते, त्यांनी तेच ऐकलं होतं. निष्कर्ष असा निघाला की काठावरच्या कर्मचारी बाईंनी अनावश्यक विचारणा करून गोंधळ निर्माण केला. ‘विचारणा’ हा त्यांचा शब्द. मावशीने नोकरी सोडली. त्यानंतर माझ्या मामांपासून शेजारच्या काकूंपर्यंत प्रत्येकाने तिला आपुलकीनेच समजावलं आहे, “अगं, घाईत तोंडातून जातं कधीकधी ‘का’.” ती म्हणायची, “मी ‘नका’ म्हणाले.” मग म्हणेनाशी झाली.

तुमचे लोक घरी जाऊन विचार करतील, असं तुम्ही म्हणाला होतात ना मास्तर? मावशीने घरी बसून पुष्कळ विचार केला आहे.

मी हा अल्बम का लिहिला, हे मला कोणी विचारलं की मी पाण्याच्या दाबाबद्दल आणि आवाजाच्या पट्ट्यांबद्दल बोलते. खरं कारण एवढंच होतं. एकदा तरी ते वाक्य इतक्या मोठ्याने म्हटलं जावं की कोणाला चुकीचं ऐकायला जागाच राहू नये. मला माहीत असलेला सगळ्यात मोठा आवाज मी वापरला. वायरलेसने तो ‘न’ एकदा खाल्ला होता. आम्ही दुसऱ्यांदा खाल्ला, आणि तोही वाद्यवृंद लावून.

मावशीने अल्बम आज पहिल्यांदा ऐकला. तिच्याकडे तो वाजवायला काही नाही, आणि मीही मुद्दाम थांबले होते की सगळ्यांसोबत ऐकेल. चहाच्या वेळी मी तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, “कोरस छान आहे. मुलं मन लावून म्हणतात.” मी विचारलं, “आणि शेवट?” तिने कप खाली ठेवला. म्हणाली, “शेवटी तूही विचारलंसच का गं?”

मी तिला चेलोबद्दल सांगायला लागले. ‘न’ कसा तयार होतो ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असेल.” साहेबांच्या बाबतीतही ती आता असंच म्हणते. मी म्हटलं, “मी वर जाऊन सांगू सगळ्यांना?” म्हणाली, “सांग हवं तर. माझी काय आता बढती अडायची आहे?”

तेव्हा मी कागद पर्समध्ये ठेवले.

मास्तर, त्या कागदांवर शेवटी एक विनंती लिहिली होती. ‘आपण जाण्यापूर्वी शेवटच्या ओळीतील तंतुवाद्यांच्या पातळीचा फेरविचार करावा का’, अशी. चांगली सभ्य विनंती होती. पण तीही ‘का’वरच संपते. म्हणून ती वाचत नाही. सांगते. त्या ‘न’वर चेलो, डबल बास आणि शिंगं खाली घ्या. चढण मोडेल. मोडू दे. पाहुण्यांना पुढच्या लेखात शेवट फसला असं लिहावंसं वाटलं, तर त्यांनी जरूर लिहावं.

मास्तर काहीतरी म्हणताहेत. माइक द्या त्यांना. नको? बरं, मी सांगते. ते विचारताहेत, कधी.

आज, मास्तर. हॉल रिकामा झाला की. मशीन आणि स्पीकर गाडीत आहेत. चेलोचा भाग तुमचा आहे, हात तुम्हीच लावायचा. मी फक्त शेजारी बसेन. आणि ‘न’ आला की नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. मावशी, तू निघू नकोस.

मास्तरांनी आमच्यासाठी जे केलं त्याबद्दल बँडच्या वतीने मनापासून आभार. ते शब्द ठरल्यापेक्षा कमी पडले, याची मला जाणीव आहे. उरलेले त्यांना गाडीत बसवताना सांगेन. प्राचार्या बाईंचे, पाहुण्यांचे, विद्यालयाचे आणि मुलांना ह्या आवाजात पाठवण्याचं धाडस करणाऱ्या पालकांचे आभार. निरोपाच्या कार्यक्रमात आपलं घरचं गाऱ्हाणं मांडलं, मोठ्यांना त्यांच्यासमोर दुरुस्त केलं, त्याबद्दल मला क्षमा करावी.

आणि हॉलच्या व्यवस्थापकांना एक सांगायचं आहे. आम्हाला अजून थोडा वेळ लागेल. एवढ्यात दिवे बंद करू नका.