लहान टाकी

अंदमानचा विषय निघाला की आमचे हे गप्प काऊन होतात, सांगते. मले समुद्रातलं कासव जवळून पाह्याचं होतं, म्हणून आमी दोघंही तिथं स्कूबा शिकलो. शेवटल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईनं ह्यांचा धिप्पाड देह पाहून सांगितलं, "सर, तुम्हाला हवा जास्त लागेल, मोठी टाकी घ्या. एकाची हवा संपत आली की दोघांनाही वर यावं लागतं."

"नाही, माझी कंबर दुखून राह्यली. लहानच द्या."

खाली गेल्यावर थोड्याच वेळात ह्यांची हवा कमी झाली, अन् बाईनं वर चलायची खूण केली. नेमकं तवाच खडकामागून कासवानं डोकं बाहेर काढलं. तेवढंच दिसलं मले.

बोटीत ह्यांनी विचारलं, "तुझ्या टाकीत किती उरली व्हती?"

"अर्धी."

हे मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "आपण आणखी एकदा येऊ."

आता तयारी म्हणून रोज सकाळी गावाबाहेरच्या तलावापर्यंत चालत जातात. पण मधात माझ्या कानाचं ऑपरेशन झालं, तवा डॉक्टरनं पाण्याखाली जायले कायमचं मना केलं. ते मी ह्यांच्याजवळ अजून बोलली नाही. तुमीबी बोलू नका.