चांदीचा धोटा आणि तारेचा हूक

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या लूममालक संघाचे आधारस्तंभ माननीय केसरीनाथभाऊ, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो त्या डॉक्टर कमळताई केणे, संघाचे सभासद, कारागीर बंधूंनो, आणि डाव्या हाताला बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, सर्वांना या यूनुसचा सलाम आणि नमस्कार.

आधी एक खुलासा करतो. पत्रिकेत वक्ता म्हणून नाव छापलंय ते हसनभाईंचं, माझ्या थोरल्या भावाचं. ते समोर पहिल्या रांगेत बसलेत, गालाला रुमाल धरून. पत्रिका छापून आली आणि त्यांच्या गालाचं ऑपरेशन ठरलं. आता पेज पितात, आणि बोललेलं फक्त आम्हा घरच्यांना कळतं. म्हणून थोरल्याच्या जागी धाकटा उभा आहे. मी संघाच्या ऑफिसातला पगारी कारकून, मला टाइप करायची सवय, बोलायची नाही.

त्यात आज शुक्रवार, लूम बंद. खडखडाट नसला की भिवंडीकराला चैन पडत नाही. आपण सगळे ओरडून बोलणारे लोक, मघाशी माइकवाला मला म्हणाला, "चाचा, आहिस्ता, माइक है." प्रयत्न करतो.

कमळताई आपल्या अंजूरच्या. खाडीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी शिकली, मुंबईच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाली आणि पंचाऐंशी साली परत आपल्याच दारात आली. कशाला? तर कारागिरांना तोंडाचा कॅन्सर का होतो ते शोधायला. लोक म्हणाले, त्यात शोधायचं काय, पान-तंबाखू खातात, झालं! भाऊ, तुम्हीही म्हणाला होतात. मीही मान डोलावली होती. साहेब बोलले की कारकुनाची मान आपोआप हलते.

पण ताईंचा स्वभाव कसा, सरळ उत्तर मिळालं की यांची झोप उडते. पहिल्याच वर्षी त्यांना दिसलं की लूमवर आजारी माणूस जवळजवळ नाहीच. मालक खूश! ताई मात्र बेचैन. मग त्यांच्या लक्षात आलं, आजारी पडलेला कारागीर लूमवर राहतोच कुठे? तो मुलखाला, आपल्या गावी, परत जातो. आपल्याकडे उरतात ते धडधाकट, आणि तपासणीही त्यांचीच. तेव्हा ही बाई आजाऱ्यांच्या मागे गेली. पडघा, दिघाशी तर झालंच, पार आझमगढच्या पलीकडच्या गावांत जाऊन तिने माणसं शोधली. काही ठिकाणी माणूस भेटला, काही ठिकाणी त्याची बायको.

तिथे पान-तंबाखूवाले पुष्कळ निघाले, ते ताई आजही नाकारत नाहीत. पण काही जण असे निघाले की ज्यांनी कधी सुपारीचं खांडही चघळलं नव्हतं. आणि त्यांतले बरेचसे रंगीत लुंगीच्या लूमवरचे.

आता मी जे सांगतो ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. भाऊंच्या कारखान्यात ताई हसनभाईंना प्रश्न विचारत होत्या, मी सोबत होतो. ताईंनी विचारलं, "तोंडात काय काय घालता?" हसनभाई म्हणाले, "काय न्हाय, मॅडम. तंबाखू न्हाय, पान न्हाय, बिडी न्हाय." तेवढ्यात धोट्यातली सुताची कांडी संपली. त्यांनी नवी कांडी धोट्यात बसवली, धोट्याच्या भोकाला ओठ लावले, श्वास आत ओढला, सूत सर्रकन बाहेर आलं. धोटा लूममध्ये टाकला आणि पुन्हा म्हणाले, "खरंच काय न्हाय."

ताई बघतच राहिल्या. मला काही कळलं नाही. अहो, कळणार कसं? आपल्यापैकी प्रत्येक जण सूत असंच ओवतो. उस्ताद पहिला धडा हाच देतो. शिफ्टमध्ये शेकड्याने कांड्या बदलतात, आणि प्रत्येक कांडीला कच्च्या रंगाचं सूत तोंडाने ओढायचं. पण ते काय खाणं आहे? तोंडात घालणं आहे? ते तर काम आहे! कुणी सांगितलंच नाही, कारण कुणाला ते आठवलंच नाही. आमची कुबराभाभी रोज थट्टा करायची, "पान न खाता यांचे ओठ लाल!" आम्ही हसायचो. आता त्या हसण्याची चीड येते.

ताईंनी ते रंग प्रयोगशाळेत तपासले, पांढऱ्या सुताचे कारागीर आणि रंगीत सुताचे कारागीर ताडून पाहिले. मी विचारलं, "ताई, झालं ना सिद्ध?" म्हणाल्या, "नाही, यूनुसभाई. संशय दाट आहे. खात्रीला आणखी दहा वर्षं लागतील. पण हुकाला दहा वर्षं कशाला थांबायचं?"

हूक म्हणजे हा. वाकवलेली तार. भोकातून घालायची, सूत ओढून घ्यायचं. मग अडचण काय? आपले वकील म्हणतात, हूक वाटले म्हणजे सुताने आजार होतो हे संघाने कबूल केल्यासारखं होईल. आणि कारागीर म्हणतो, मजुरी मीटरवर, हुकाने ओवायला वेळ जातो, तेवढा लूम बंद उभा राहतो, नुकसान माझं. हसनभाईंच्या जागी आता त्यांचा मुलगा इद्रीस उभा असतो, त्याच लाल सुतावर. मी दिलेला हूक त्याने खिळ्याला टांगून ठेवलाय. ताई निवृत्त होऊन चालल्या, आणि हूक खिळ्यालाच.

हसनभाई काहीतरी म्हणतायत... काय? हां. म्हणतात, "गोड बोलून वेळ नको घालवू, इद्रीसचं बोल."

तर बोलतो. संघाने ताईंसाठी चांदीचा मुलामा दिलेला धोटा करून घेतलाय. आपल्यात रिकामा धोटा कुणाच्या हातात देत नाहीत, ओवून देतात, आणि तो मान अध्यक्षांचा. भाऊ, लाल कांडी बसवलेली आहे. या, ओवा.

थांबा भाऊ! तसेच थांबा. हात कुठे गेला बघा.

हसू नका रे कुणी. भाऊंनी स्वतः लूम चालवणं सोडून जमाना झाला, तरी धोटा ओठांशी गेला. माझाही गेला असता. म्हणून सांगतो, नुसतं समजावून हे सुटणार नाही. प्रत्येक रंगीत लूमवर हूक हवा, आणि हुकापायी जाणारा वेळ मजुरीत धरायला हवा. हा घ्या हूक, भाऊ. घाला भोकातून... ओढा... आलं! माझं एक वाक्य होईपर्यंत आलं.

धोटा ताईंना द्या. हूक तुमच्याकडे ठेवा, सोमवारी कमिटीची बैठक आहे. त्यानंतर मी कारकून राहिलो तर हजेरी लावीनच.

ताई, ज्या घरांत तुम्ही कॅन्सरचं नाव न घेता चहा घेतलात, त्या सगळ्या घरांचे आभार माझ्याकडून घ्या. पाहुण्यांचे, माइकवाल्याचे आणि शुक्रवारची झोप मोडून आलेल्या कारागिरांचे आभार. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. हसनभाई माझ्यापेक्षा गोड बोलले असते. आज त्यांच्यासाठी मला बोलावं लागलं. इद्रीसला म्हातारपणी स्वतःच्या तोंडाने बोलता यावं, एवढी दुआ करा आणि मला खाली बसू द्या.