अर्धवट राहिलेली कटिंग

—नाही काका, तुमचं नाव अजून नाही पुकारलं, बसा निवांत. कोर्टातला बाक आहे हा, दवाखान्यातला नव्हे. तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही साक्ष द्यायला आलात—बारक्यासाठी, माझ्या धाकट्या भावासाठी. वखार जळली त्या सकाळी तो कुठे होता? तुमच्या खुर्चीत, केस कापून घेत होता. एक बाजू झाली होती, एक राहिली होती, आणि आगीचा ओरडा झाला तसा गळ्यात तुमचं फडकं घेऊनच पळाला—विझवायला. कामाला होता ना तिथे. आदल्या दिवशी मालकाशी वाजलं होतं त्याचं, आत वॉचमन जळून मेलेला, आणि हा अर्धवट कापलेल्या केसांनी समोर उभा—धरलाच त्याला. दुकानात दुसरं कोण होतं? कोणी नाही. म्हणजे राहिलात तुम्हीच.

आठवतंय? हां. आणि कुणी विचारलं, हे तुम्हाला शिकवलं कोणी, तर—नाही, माझं नाव नका घेऊ. मी शिकवते का? रोज येऊन आठवण करून देते फक्त. वकीलसाहेब त्यावरूनही रागावतात, पण तुमचा जबाब वाचून त्यांनीच म्हटलं होतं ना, साक्षीदार पक्का आहे. होतातच तुम्ही पक्के. गिऱ्हाइकाचा चेहरा ध्यानात राहत नाही म्हणालात, पण डोकं विसरत नाही, याच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. खरंच होते. दोन बायका करणार म्हणून चिडवायचो त्याला—एकीचाही पत्ता नाही. आता मात्र कधी कधी वाटतं काका, तुम्ही सांगता ते तुमच्या आठवणीतलं, की माझ्या तोंडचं? मी तर तिथे नव्हतेच.

आपल्या, म्हणजे आरोपीच्या बाजूचे साक्षीदार शेवटी असतात म्हणे. पण शेवट यायला किती लागावं माणसाला? कधी न्यायाधीश बदलले, कधी तपास करणारा साहेब आला नाही, कधी फाइलच सापडेना—माझी मुलगी रांगत होती तेव्हा, आता कॉलेजात जाते. वकीलसाहेब म्हणतात, खटला वेळेत चालणं हा त्याचा हक्क आहे. मी म्हटलं, मग मिळू दे की. तर त्यासाठी अर्ज करावा लागतो. केला. अर्जालाही तारीख पडली. हसा, हसा, मीही हसले होते. तुरुंगातल्या मागच्या भेटीत बारक्याच म्हणाला, ताई, केलंय म्हणून सांगून टाकू का, एकदाचं संपेल तरी. झापलं मी त्याला चांगलं. आणि घरी येऊन—कुणाला बोलू नका—सांगू दे की, असंही मनात आलं माझ्या. सख्ख्या बहिणीच्या. इतकी दमले मी काका.

आणलं वाटतं. तो बघा, दोन पोलिसांच्या मधे. डोक्याकडे नका बघू, केस गेले सगळे, भोवरे कुठले दिसायला. तोंडाकडे बघा. नीट बघा, घाई नाही—काय म्हणालात? वडील? नाही हो, आमचे वडील केव्हाच गेले. तोच आहे तो. तुमच्या खुर्चीतून उठून पळाला, तो मुलगा हाच—

पुकारलं तुम्हाला. उठा, काठी घ्या. आत गेल्यावर हे विचारू नका.