बुडाखालचं बदक

मंडळी, देव कसा दिसतो हे मला प्रत्येक गावात विचारतात. सावळा का गोरा, हात दोन का चार. विचारा! पण एक प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. आपण देवाला कसे दिसतो? आता गप्प झालात! बरं, देव लांब राहिला. ज्या माणसाबरोबर आपण एका घरात राहतो, एका ताटात जेवतो — त्या माणसाला आपण कसे दिसतो?

पेटीवाले, स्वर धरा जरा. नको, राहू दे. हे आख्यान बिनसुराचंच आहे.

तर ऐका! मिरजेत एक सोसायटी. तीन मजले, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर त्र्यंबकराव हर्डीकर. वय अडुसष्ट, सिंचन खात्यातून निवृत्त. सज्जन माणूस! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. घराच्याही नाही! त्यांची पत्नी इंदुमतीबाई. छत्तीस वर्षांचा संसार करून मागच्या साली बाई गेल्या. आता वर्षश्राद्ध आलं आठ दिवसांवर.

आणि त्र्यंबकरावांच्या मनानं घेतलं — टॅटू काढायचा!

काय झालं काकू? पदर तोंडाला लावलात? अडुसष्टाव्या वर्षी टॅटू — मलाही हेच झालं होतं ऐकून. पण त्यांचं म्हणणं ऐका. ते म्हणाले, "फोटो लावलाय भिंतीवर. भिंत इथंच राहणार. तिचं असं काहीतरी हवं, जे माझ्याबरोबर शेवटपर्यंत येईल." आता ह्यावर हसा बघू!

गेले. स्टेशन रोडला एका मुलीचं दुकान. मिथिला तिचं नाव. केसासारखी बारीक रेघ काढते, त्याला फाइन लाइन म्हणतात. पूर्वी गोंदणारीण सुई टोचायची तेव्हा गल्लीला कळायचं. आता शेजारच्या खुर्चीला कळत नाही!

मिथिलानं मोबाइल पुढं केला. "काका, हे पीस बघा. ही चंद्रकोर. ही लाट. आणि हा आडवा आठ — म्हणजे अनंत प्रेम."

"आमच्याकडं कुणी आडवं झालं की डॉक्टर बोलावतात," त्र्यंबकराव म्हणाले. "दुसरं दाखव."

दीड तास! साडेचारशे चित्रं! एकही पसंत नाही. शेवटी ती म्हणाली, "काका, मोबाइलमध्ये काकू नाहीयेत. घरात शोधा. त्यांच्या हाताखालची एखादी वस्तू, एखादी नक्षी. मिळेल."

मंडळी, हा उपदेश मी दक्षिणा घेऊन करतो. ती पोरगी फुकट करून गेली!

त्र्यंबकराव घरी आले. कपाट बघितलं. साड्या लेकीनं नेल्या होत्या. देवघर बघितलं. काही सापडेना. दुसऱ्या दिवशी कामवाली आली नाही. सिंकमध्ये एक वाटी पडलेली. आता ऐका — आयुष्यात पहिल्यांदा! — त्र्यंबकरावांनी भांडं घासायला घेतलं. आतून घासलं, बाहेरून घासलं, उलटं केलं... आणि वाटीच्या बुडाला बघतात तर — बदक!

पूर्वी स्टीलच्या भांड्यांवर मशिननं नाव घालून द्यायचे ना, टिक्-टिक्-टिक्? तसं. पण नाव नाही. एका रेघेत काढलेलं चिमुकलं बदक. मान वर, छाती पुढं! त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले. इंदूनं बदक काढून घेतलं होतं! आणि मला कधी बोलली नाही!

तसंच ओल्या हातानं दुकान गाठलं. मिथिला म्हणाली, "काय सुंदर रेघ आहे, काका!" अर्ध्या तासात बदक वाटीवरून मनगटावर!

भांड्याचं बूड कुणाला दिसतं हो मंडळी? जेवणाऱ्याला? नाही! त्याच्यासाठी ते भरलेलं येतं. बूड दिसतं घासणाऱ्याला. एवढं लक्षात ठेवा आणि पुढं चला.

वर्षश्राद्धाचा दिवस. लेक गौतमी पुण्याहून आलेली. शेजारचे घोरपडे नवरा-बायको जेवायला. रंगराव घोरपडे निवृत्त हवालदार, मिशी अजून नोकरीत! प्रमिलावहिनी खिरीचं पातेलं घेऊन वाढतायत. पंगत बसली. त्र्यंबकरावांनी बाही वर केली.

"मी इंदूची आठवण गोंदवून घेतलीय. हे बघा. हे तिचं बदक!"

ठण्ण! वहिनींच्या हातातली पळी खाली! खीर फरशीवर!

"भावजी," वहिनी पांढऱ्याफटक, "हे... हे इंदूचं नाही हो!"

"मग कुणाचं?"

"हे आमचे हे आहेत!"

आणि बोट कुठं? रंगरावांकडं!

हवालदारांनी सावकाश मान वळवली. "काय म्हणालीस? मी कोण?"

आता वहिनींना सांगणं भागच! बिल्डिंग नवीन होती तेव्हा इथल्या पाच बायकांनी मिळून एकाच दुकानातून स्टील घेतलं. सगळ्यांचं सारखं. नाव घालणारा विचारतो, "ताई, मालकांचं नाव?" नवऱ्याचं नाव कोण घेणार! एक लाजली, दुसरी लाजली. तो वैतागला. म्हणाला, "नाव जमत नसेल तर खूण सांगा. एका रेघेत बसेल अशी." झालं! पाचही जणींनी आपापल्या नवऱ्याची खूण सांगितली. आणि गेल्या एकादशीला त्र्यंबकरावांकडं साबुदाण्याची खिचडी गेली, ती वहिनींच्या वाटीतून!

"पस्तीस वर्षं," रंगराव उभे राहिले, "पस्तीस वर्षं मी बदकाच्या ताटात जेवतोय? आणि बदक का म्हणून?"

असं म्हणून ते तरातरा दाराकडं निघाले. सगळ्या पंगतीनं त्यांना पाठमोरं चालताना बघितलं... आणि कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

पंगत हसली! पोट धरून हसली! त्र्यंबकरावही हसले, की आयुष्यभरासाठी हवालदार मनगटावर घेतला! हसता हसता एकदम थांबले. चेहरा उतरला.

"वहिनी... मग मी काय?"

वहिनी खीर पुसायला लागल्या.

"वहिनी, इंदूनं माझी काय खूण सांगितली?"

"भावजी, आधी जेवून घ्या."

अहो, आधी जेवून घ्या हे वाक्य ऐकलं की समजावं — बातमी बरी नाही! त्र्यंबकराव उठले. स्वयंपाकघरात गेले. छत्तीस वर्षं जिच्याबरोबर काढली, तिला आपण कोण दिसलो? सिंह? बैल? का घुबड? ती आता काही सांगायला येणार नाही. जे काय आहे ते ह्या पातेल्याखाली!

उलटं केलं.

एक चौकोन. चौकोनाखाली दोन पाय.

बस्स. डोकं नाही, तोंड नाही. ताट उलटं केलं — चौकोन आणि दोन पाय. डबा — चौकोन, दोन पाय. झाकणी, चमचा, चहाचं भांडं! ओट्यावर, फरशीवर, सगळीकडं चौकोन आणि पाय, चौकोन आणि पाय!

"हे काय आहे? टेबल? का खाट?"

गौतमी दारात उभी होती. "बाबा, तो पेपर आहे."

"कसला पेपर?"

"तुम्ही वाचता तो. हा पेपर, आणि हे खाली तुमचे पाय. मी लहानपणापासून बघतेय. मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

मंडळी, त्र्यंबकराव मटकन खाली बसले, त्या भांड्यांच्या मधोमध. मारलं नाही कधी, टाकून बोलले नाहीत, पगार तिच्या हातात दिला. काय चुकलं? काही नाही! नुसता पेपर वाचला. सकाळी बातम्या, संध्याकाळी अग्रलेख, आणि सुट्टीच्या दिवशी पुरवणी!

प्रमिलावहिनी शेजारी येऊन बसल्या. "रागानं नव्हती काढली हो. आम्ही हसलो तर काय म्हणाली माहितीये? 'हसा गं. पण पाय दिसतायत ना? म्हणजे माणूस घरात आहे.'"

त्या दिवशी त्र्यंबकराव जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मिथिलाच्या दुकानात हजर. दुसरा हात पुढं केला. पोरीनं डबा उलटा करून बघितला.

"काका, हे काय? टेबल?"

"नाही. मी."

"तुम्ही? पण आठवण काकूंची आहे ना? काकू कुठायत ह्यात?"

त्र्यंबकराव म्हणाले, "पेपराच्या पलीकडं. ती तिथून बघतेय."

मिथिलानं सुई खाली ठेवली. नाक पुसलं. मग पुन्हा उचलली.

झालं आख्यान! आता माझ्याकडं बघा. नाही, खरंच बघा — तिसऱ्या रांगेत तिघांच्या हनुवटीवर मघापासून मोबाइलचा निळा उजेड पडलाय. तुमची खूण काय असेल ते सांगायला मशिनवाला कशाला हवा? आणि तुमच्या खुणेला तर पायही दिसणार नाहीत. पाय पांघरुणात असतात!

गजर आज मी सांगणार नाही. प्रसादाचा शिरा झालाय, मागच्या नळावर तीन पातेली, दोन पराती आणि पळ्या पडल्यात. साबण आहे. माउलींनी आज बसून राहायचं.

पुरुष मंडळी — उठा! आणि घासताना भांडं उलटं करून बघा.