जिवंत मासा

दातांच्या दवाखान्यात म्हातारीचा नंबर यायला वेळ होता. चोरून ऐकायची सवय नव्हती तिला, पण कानांना झाकण थोडंच असतं! समोरच्या बाकावर नवरा-बायको आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ बसले होते.

“दादा, यंदा उत्तरेकडच्या मोठ्या तळ्यावर जाऊ. गळ, दोरी सगळं तयार आहे.”

“मग ठरलं. अगं, तू डब्याचं बघ.”

“यंदा मीही येते.”

“तू? तू तिथे काय करणार?”

“बघणार. लग्न झाल्यापासून तुमच्या माशांची खवलं काढतेय. पाण्यात पोहणारा एकही अजून पाहिला नाही.”

“पहाटे उठावं लागतं.”

“मग पहाटे तुमचा डबा काय भुतं भरतात?”

म्हातारीने हसू दुखऱ्या दाढेखाली दाबलं.

“होडीत दोघांचीच जागा असते गं.”

“वहिनी, माझ्या जागी बसा. मी काठावरून गळ टाकीन.”

“तू मध्ये पडू नकोस रे. हिला पाण्याची भीती वाटते.”

“असं तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात. मला कधी विचारलंत?”

आतून नवऱ्याला हाक आली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“तुझ्याकडे जाड स्वेटर आहे का गं?”