भुताची खूण

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलो होतो. शेजारचं म्हातारं जोडपंही तसंच बसलेलं.

"काल मालिकेतल्या भुताला त्याच्या बायकोनं ओळखलं कसं हो? मला नेमकी डुलकी लागली."

"त्यानं पियानोवर तिचं आवडतं गाणं वाजवलं."

"तुम्ही भूत झालात तर काय वाजवाल?"

"मला धड शिट्टीही येत नाही. मी आपला घरातले दिवे बंद करत फिरेन."

"ते तर आत्ताही करता! परवा मी बाथरूममध्ये असताना केलात."

"म्हणजे लगेच ओळखशील."

"मग मी सगळ्या खोल्यांतले दिवे लावून ठेवीन."

"अगं, उगाच जळत राहतील!"

"राहू देत. तेवढाच तुमचा मुक्काम वाढेल."